दिपाली मॅडमची साडी

वडगाव, बेळगाव
१७ नोव्हेंबर

सुवर्णाआक्का,

नमस्कार. इकडं सगळी बरी आहेत. आईचा गुडघा आहे तसाच. दाजींना विचारलंय म्हणून सांग, स्वरूपचा पापा घे. फोनच केला असता, पण आप्पा शेजारीच बसून असतात आणि हे त्यांच्या कानावर जाता कामा नये.

चिकोडीच्या पाहुण्यांना रविवारी घेऊन येतेस म्हणे. कुणी गं सांगितलं तुला नसता उद्योग? ‘स्कॉलरशिप न्हाय मिळाली, आता लगीन तरी करूया’ असं आईला म्हणालीस. लई राग आला.

वर्षभर त्या इंग्लंडच्या स्कॉलरशिपच्या मागं होते मी. कॉलेज सुटलं की निबंध. नेतृत्व काय केलं ते लिहा, दहा वर्षांनी कुठं असाल ते लिहा. डोकं पिकलं, पण लिहिलं. शेवटी फक्त आमच्या कॉलेजच्या दिपाली मॅडमचं शिफारसपत्र राहिलं होतं. ते आमच्या हातात देत नाहीत, मॅडमनीच परस्पर तिकडं पाठवायचं असतं. त्यांनी लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

आणि आप्पा साडी घेऊन त्यांच्या घरी गेले! आपल्याच मागावरनं नुकतीच उतरलेली, चांगल्यातली. आईनं हळदकुंकू लावून पिशवीत घातलेली. आपल्यात कुणी भलं केलं की साडी देतातच, त्यात काय एवढं? ‘पोरीचं तेवढं चांगलं लिवा बाई,’ म्हणाले.

झालं! दुसऱ्या दिवशी मॅडमनी साडी माझ्या हातात ठेवली. ‘सौम्या, आता मी काहीही लिहिलं तरी ते साडीसाठी लिहिल्यासारखं होईल. मला नाही जमणार.’ हातापाया पडले, रडले. बाई ढिम्म. मुदत त्याच दिवशी संपत होती. ऐनवेळी दुसरं कोण लिहून देणार? अर्ज तसाच अर्धा पडला.

रिकाम्या हातानं जाऊ नका म्हणून आप्पांना कुणी सांगितलं होतं? तूच गं आक्का. तुला बोल लावायचा नव्हता म्हणून इतके दिवस गप्प होते. पण आता तूच मला उजवायला निघालीस!

आप्पा विचारतात, ‘बाई नेसल्या का गं साडी?’ नेसल्या म्हणते. साडी माझ्या पुस्तकांमागं आहे. निकालाचं विचारलं तेव्हा मीच कमी पडले म्हणून सांगितलं. आता ते गल्लीभर सांगत फिरतात, ‘आमच्या पोरीला न्हाय झेपलं.’ ऐकून अंगाचा तिळपापड होतो. तरी तोंड उघडत नाही. खरं कळलं तर तो माणूस आयुष्यात परत कुणाला आनंदानं साडी देणार नाही.

चिकोडीकरांना नको म्हणून कळव. पुढल्या वर्षी मी परत अर्ज भरणार आहे. आप्पांच्या नजरेत मी हरले तर हरू दे, तुझ्या नजरेत मात्र नको.

नापास न झालेली तुझी बहीण,
सौम्या