खिडकीवरचं झाकण

दि. १४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. तुझी पाठ कशी आहे? भावजींचा खोकला गेला का? फोन असताना पत्र कशाला, म्हणून तू कपाळाला हात लावशील. कारण आहे, पण तिथवर पोचायला मी आढेवेढे घेणार, हे तुला काय नवीन सांगायचं!

आधी तुझ्या धंद्यातली बातमी. गेल्या महिन्यात मी चाळीस थरांची गोधडी शिवली. कागदाहून पातळ, चकचकीत पडद्यांची. आमच्या दुर्बिणीच्या पोटात एक थंड डबा बसतो, त्याला गुंडाळायला. इथल्या पदव्यावाल्यांना सुईत दोरा ओवता येईना, मग आली माझ्यावर. मी सवयीने दोऱ्याचं टोक ओठांत धरलं, तर साहेब ओरडले, "अहो, थुंकी नको! डब्यातली हवा काढली की तिचीही वाफ होते!" कोपरे मात्र तुझ्या पद्धतीने दुमडले. कुठेही फट नाही.

तुझ्या लेकीने विचारलं होतं, मावशी नक्की मोजते काय? तिला सांग, विश्व अगदी तान्हं होतं तेव्हाची ऊब. तिचा उरलासुरला अंश आजही आभाळाच्या प्रत्येक कोपऱ्यातून येतो, इतका क्षीण की यंत्राच्या स्वतःच्या उबेतच तो बुडून जातो. म्हणून यंत्राला आधी गारठवायचं, मग ऐकायचं.

आणि आता माझी फजिती. डब्याला एक खिडकी असते, आभाळाची ऊब तिच्यातूनच आत येते. जोडणी चालू असताना तिच्यावर धातूचं झाकण लावतो आणि चाचणीच्या आधी काढतो. मी वहीत "झाकण काढले" असं लिहून सही ठोकली, आणि काढलंच नाही. अकरा दिवस आकडे इतके शांत, इतके सुरेख, की मी सगळ्यांना दाखवत सुटले. बाराव्या दिवशी वेल्डर एक पट्टी जोडायला आला आणि म्हणाला, "मॅडम, हे झाकण असंच ठेवायचं असतं होय?"

सगळे पोट धरून हसले. मीही हसले. घरी आले आणि मला रडू फुटलं.

ताई, दोन वर्षं मी दर रविवारी तुला फोन करते. "कशी आहेस?" तू म्हणतेस, "सगळं ठीक." मी समाधानाने फोन ठेवते. किती शांत आहे आपल्यात सगळं, असं मला वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी आई दवाखान्यात होती तेव्हा तू तीनदा फोन केलास. "आई विचारतेय, कधी येतेस?" मी म्हटलं, डबा थंड व्हायला लावलाय, एकोणीस दिवस जागचं हलता येत नाही. तू एका शब्दाने बोलली नाहीस. सतराव्या दिवशी आई गेली.

डबा आपोआप थंड होतो, ताई. पंप चालू केला की फक्त आकडे बघायचे असतात, ते कुणीही बघितले असते. मला भीती वाटत होती. आपल्या आईला, जिने मला कडेवर घेऊन शाळेत पोचवलं, तिला नळ्या लावलेल्या बघायची. तू एकटीने सगळं निस्तरलंस आणि मी यंत्राआड लपून बसले. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

पुढच्या महिन्यात दुर्बीण डोंगरावर जाणार. त्याआधीची शेवटची चाचणी म्हणून कालच डबा पुन्हा थंड करायला लावला. पुन्हा तेच एकोणीस दिवस. या वेळी झाकण मी हाताने काढलं, दोनदा चाचपून पाहिलं, आणि वही साहेबांच्या हातात दिली. म्हटलं, "आकडे तुम्ही बघा, मी बहिणीकडे चालले."

शुक्रवारी दुपारच्या गाडीने येतेय. दार उघडल्यावर "ये, दमलीस का" म्हणून लगेच स्वयंपाकाला लागू नकोस. आधी भांड. दोन वर्षं गिळलंस ते सगळं बोल. मी मधे बोलणार नाही, हे शेंडेफळाचं वचन.

आणि एक. तिसऱ्या फोनच्या वेळी आई मागून हळूच काहीतरी म्हणत होती. तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, तरी मी घाईने फोन ठेवला. ती काय म्हणत होती, ते मला सांगशील?

ऐकायला येणारी,
तुझी शेंडेफळ