आईच्या किल्लीचे तीन तुकडे

४ फेब्रुवारी

तीन तुकडे, आणि त्यातला एकही मला नाही!

आज आईचं शेवटून दुसरं केमो. साताऱ्याहून एसटीनं तिला सांगलीला नेणारी मी, ओकारीला पिशवी धरणारी मी. धाकटी बहीण अबोली तिथंच सांगलीत, विश्रामबागला राहते, तरी बाईसाहेब दुपारी डबा घेऊन उगवल्या. आईचा चेहरा लगेच फुलला. "आली गं माझी बाय!" मी शेजारीच बसले होते सकाळपासून.

मग दवाखान्यातली समीक्षा आली. जनुकीय अभ्यासासाठी तिनं आमच्या तिघींचं रक्त नेलं होतं. रिपोर्ट आले म्हणाली, पण ते कुलूपबंद असतात. कुणी उघडायला गेलं की ब्लॉकचेनवर नोंद होते — एकदम शंभर ठिकाणी, मग ती कुणाच्या बापाला खोडता येत नाही. संशोधकांनासुद्धा आपण परवानगी देऊ तेवढंच दिसतं, तेही नावाशिवाय. आईच्या कुलपाची किल्ली तीन तुकड्यांत, तिघांच्या मोबाइलवर. दोघं 'हो' म्हणाले तरच उघडणार.

आईनं एक तुकडा स्वतःकडे ठेवला. एक वाईच्या शरदमामाला. आणि तिसरा — अबोलीला!

५ फेब्रुवारी

खरा राग माझाच येतोय. रक्त देताना समीक्षानं विचारलं होतं, "तुमचा रिपोर्ट तुमच्याच मोबाइलवर ना?" अबोली हो म्हणाली. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "माझं आईपासून वेगळं काही नाही. तिच्याच कुलपात ठेवा." अबोलीला दाखवायला!

आता माझ्याच रिपोर्टला परवानगी देणाऱ्यांत अबोली आहे, मी नाहीच. घ्या!

९ फेब्रुवारी

आईचं सगळं अबोलीनं घेतलं. रंग, गळा, ते दाट केस. माझं नाकसुद्धा बाबांचं. मोहनमाळही तिलाच जाणार, मी आत्ताच लिहून ठेवते.

११ फेब्रुवारी

केलं शेवटी!

दुपारी आई झोपली होती. तिचा अंगठा हळूच तिच्या मोबाइलवर टेकवला आणि 'हो' दाबलं. मामाला फोन केला, "मामा, तुम्ही पण हो म्हणा." तर मामा म्हणतो, "थांब जरा, अबोलीला विचारतो." मामासुद्धा!

लगेच अबोलीचा फोन. "ताई, आईच्या 'हो'ची नोंद दिसली. पण आई या वेळी झोपलेली असते. तूच ना? थोडं थांब ना गं." मला थांब म्हणणारी ही कोण? फोन कट केला. ती नोंद खोडायला गेले, तर खोडली जाईना.

आईनं उठून मोबाइल बघितला. "मी झोपेत परवानग्या द्यायला लागले वाटतं!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१२ फेब्रुवारी

आई बोलत नाही. अबोलीनं कुणाबरोबर तरी भडंगाचा पुडा पाठवलाय. हात लावणार नाही.

खाल्लं. थोडंसंच.

१८ फेब्रुवारी

आज तोंड सुटलंच माझं. "मी कोण तुझी? हमाल? तुझं सगळं मी करायचं आणि विश्वास तिच्यावर?"

आई शांतपणे म्हणाली, "अबोली पोटात ठेवू शकते. तुझं तोंड लगेच उतरतं. तुझ्याकडे बघत मी केमो कशी घेऊ गं? शेवटचं होऊ दे, मग तूच बघ."

म्हणजे दोघींनी बघितलंय! मला वगळून! मायलेकी बसून माझ्याविषयी बोलल्या असणार. जळून जळून अंगाची लाही लाही झाली. आईचं काय असेल ते तिला आधी कळतं, मला नेहमी मागून.

२५ फेब्रुवारी

केमो संपलं. आईनं 'हो' दाबलं, अबोलीनं 'हो' दाबलं. समीक्षानं शेजारी बसून वाचून दाखवलं.

आईला ज्यामुळे कॅन्सर झाला तो जनुकातला दोष माझ्यात उतरलाय. अबोलीत नाही. आता माझ्या तपासण्या सुरू.

अबोली माझा हात सोडेना. माझ्यापेक्षा तीच जास्त रडली. आईनं तेव्हा नुसतं 'हो' दाबलं होतं, बघितलं नव्हतं; इतके दिवस हे एकटीनं पोटात ठेवलं होतं पोरीनं.

आणि तरी — खोटं कशाला लिहू — आज तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा आजवर कधी वाटला नव्हता.