रखवालदाराची बायको

३ ऑक्टोबर
पोचलो. शेवटच्या चढावर बसला धाप लागली, हिला लागली नाही. सामान वर नेताना ही दोन जिने न थांबता चढली आणि वरून मलाच म्हणाली, या आजोबा, सावकाश या. दोन वर्षांनी हिची चेष्टा ऐकली.

गडाच्या तिकीटखिडकीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आहेत. एक खिडकी डोंगराकडे, दुसरी शेजाऱ्यांच्या भिंतीवर. ही म्हणाली, एक बघायला आणि एक भांडायला. डॉक्टरांनी हिला वर्षभर कोरडी हवा सांगितली आहे, मग फुप्फुसं आपली आपण सावरतील. इथे गाइडची नोकरी मिळाली हे नशीबच.

५ ऑक्टोबर
मास्तरांनी काम समजावलं. ते इथले सर्वांत जुने गाइड. कधी कोणाला शिकवलेलं नाही, तरी सगळे मास्तर म्हणतात. वर पाहण्याची ठिकाणं बारा. त्यांची माहिती एका छापील पुस्तिकेत आहे. ती मी बसून वाचली, पेन्सिलीने खुणा केल्या. घंटाघराला चार पानं, तटाला सात. बारावं ठिकाण कड्यावरचा दगडी बाक. त्याला एकच ओळ: प्रयोजन अज्ञात.

मास्तरांचे नियम दोन. गाइडने माहीत नाही असं म्हणायचं नाही, म्हटलं की लोक घड्याळ बघायला लागतात. आणि एकदा सांगितलेलं बदलायचं नाही.

१२ ऑक्टोबर
आज मोठा गट होता, दमलेला आणि कुरकुरणारा. बाकापाशी एका बाईंनी विचारलं, हा कशासाठी? मी तोंड उघडलं आणि गोष्ट बाहेर पडली. तटाचा रखवालदार खाली गेला तो परतला नाही. त्याची बायको रोज या बाकावर बसून वाट बघायची. दहा दिवस बसली. अकराव्या दिवशी भरदुपारी, दोन माणसांच्या डोळ्यांदेखत, ती तिथे नव्हती. दगड मात्र ऊबदार होता.

सगळ्यांनी दगडाला हात लावून पाहिला. एक जण डोळे पुसत होता. घरी येऊन हिला सांगितलं, तर म्हणाली, बायकोला मारल्याशिवाय तुमच्या गोष्टी पुढे सरकत नाहीत का?

१४ ऑक्टोबर
नाक्यावर चहा विकणाऱ्या मावशींनी मला रखवालदाराच्या बायकोची गोष्ट सांगितली. मी हसून म्हटलं, दोन दिवसांत वरून खाली आली वाटतं. त्यांनी वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. म्हणाल्या, माझ्या आजीने मला भरवताना सांगितलेली आहे, काल आलात तुम्ही.

नवख्याची फिरकी घेण्याची पद्धत असेल.

१६ ऑक्टोबर
दुपारी शेवटचा गट सोडून उतरत होतो. सहज मागे पाहिलं तर बाकावर ही. शाल घेऊन, पाय जुळवून. म्हणाली, इथे श्वास अगदी तळापर्यंत जातो, शिवाय तुम्ही येताना दिसता. चेहरा टवटवीत होता.

१८ ऑक्टोबर
तिसरा दिवस. मोजायचं नाही असं ठरवलं होतं.

मावशींनी हिच्यासाठी उशी पाठवली. मास्तरांनी छत्री. लॉजचा मालक स्वतः विचारून गेला, वहिनींना काही हवं-नको? इतकी माया कशाला? लॉजमध्ये पुढचा महिनाभर खोली रिकामी नाही. लोक बाक बघायला येतात, हिला बघतात, फोटो काढतात. कोणीतरी हिला शिकवतंय असा मला दाट संशय आहे. विचारलं तर म्हणाली, कोण शिकवणार मला, मी काय दुधखुळी आहे?

१९ ऑक्टोबर
पुस्तिका काढली. माझीच प्रत. घंटाघराजवळ पेन्सिलीच्या खुणा माझ्या. बाराव्या ठिकाणाला दीड पान. रखवालदार, अकरावा दिवस, भरदुपार, ऊबदार दगड. शब्द माझे. छपाईचं वर्ष माझ्या जन्माआधीचं.

मास्तरांना दाखवली. ते चष्मा पुसत म्हणाले, मग? पाठ नाही का अजून?

२० ऑक्टोबर
पहाटे बाकाला हात लावला. ऊन यायचं होतं. दगड ऊबदार.

हिला म्हटलं, आजपासून तिकडे नको. बरं म्हणाली. दुपारी तिथेच होती.

२२ ऑक्टोबर
आज शेवट बदलला. गटाला सांगितलं, अकराव्या दिवशी रखवालदार आला, दोघं हातात हात घालून घरी गेली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, असं नाही, आम्ही वाचून आलोय, पोराबाळांसाठी पाणी घालू नका. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी पुन्हा सांगितलं. ते सगळे मिळून मला खरी गोष्ट सांगू लागले. ही बाकावर बसून ऐकत होती, लक्ष देऊन.

मास्तरांनी बाजूला घेतलं. बदलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, गोष्ट माझी आहे, मी रचली. पस्तीस वर्षं सांगतोय मी, ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. दया होती. तिचीच भीती वाटली.

२४ ऑक्टोबर
सकाळच्या बसने हिला खाली नेत होतो. तिसऱ्या वळणावर श्वास अडकला. ओठ निळे पडले. मी ओरडायच्या आत ड्रायव्हरने गाडी थांबवली, तीही नेमकी वळवता येईल अशा एकमेव जागी. कोणी काही विचारलं नाही. प्रवासी एकमेकांकडे बघत नव्हते — त्यांना माहीत होतं.

वर येताच ही खळखळून हसली. म्हणाली, फुकट फेरफटका झाला. आणि बाकाकडे गेली.

नववा दिवस.

२५ ऑक्टोबर
कामावर गेलो नाही. दारात आडवा उभा राहिलो. हिने केस विंचरले, शाल घेतली. माझ्या बाजूने बाहेर गेली.

बाजूला जागा नव्हती.

२६ ऑक्टोबर, सकाळ
हिच्या शेजारी बाकावर आहे. डावा हात हिच्या हातात, उजव्याने लिहितोय. लिहीत राहिलो की जागा राहीन. भरदुपार टळली की झालं. मग अकरावा दिवस संपला, मग कोणी काहीही छापो.

हात गरम आहे. श्वास नीट. मोजतोय.

साडेअकरा
खाली गर्दी. मावशी, लॉजवाला, बसचा ड्रायव्हरसुद्धा. ही विचारते, इतकी माणसं कशाला? म्हटलं, आपल्याला बघायला. म्हणाली, मग केस तरी नीट करा.

बारा
आहे. इथेच आहे. हात घट्ट —

बारा वीस
मास्तर गट घेऊन आले. आमच्यापासून दहा पावलांवर. गोष्ट सांगतायत. रखवालदार. दहा दिवस. शब्दाला शब्द. ही त्यांच्याबरोबर ओठ हलवते —

हात हलका होतोय. धरलाय पण —

मास्तर थांबले. पुढे पुस्तिकेत नाही ते सांगतायत. लोक माझ्याकडे वळून बघतात. मास्तर म्हणाले, ती एकटी गेली नाही. शेजारी एक माणूस बसला होता, गुडघ्यावर वही घेऊन. तो तिचा हात सोडत नव्हता आणि लिहिणं थांबवत नव्हता, आणि तो लिहीत असतानाच