एका भावासाठी

प्रिय सासूबाई,
सप्रेम सलाम.

तुम्ही गेल्यानंतर काल पहिल्यांदा बुधवारच्या प्रार्थनासभेची पाळी आपल्या घरी आली. एरवी मी हे रोजनिशीत लिहिलं असतं. पण तिथे मीच प्रश्न विचारते आणि मीच उत्तरं देते. हा प्रश्न तुम्ही मागे ठेवून गेलात, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

ह्यांचं दुखणं कधी सुरू झालं, ते आपण दोघींनी वेगवेगळं सांगितलं असतं. तुमच्या मते रेशन कचेरीत बदली झाली तेव्हा. मला वाटतं, त्याच्याही आधी. पण खिडकीबाहेरच्या रांगेने भर घातली हे खरं. साखर संपली की लोक म्हणायचे, कारकुनानेच घरी नेली. मग हे घरी येऊन स्वतःचेच खिसे तपासू लागले. जेवताना हात थरथरायचा. एकदा कार्डावर शिक्का मारला की नाही ते आठवेना, म्हणून खोपटच्या नाक्यापर्यंत आलेले परत कचेरीकडे गेले. कचेरीला कुलूप होतं, तरी पायरीवर बसून राहिले. डॉक्टरांनी रजा घ्यायला लावली. म्हणाले, मनावरचा ताण आहे, वेड नव्हे.

वेड नव्हे! पण हे लोकांना कोण समजावणार? बाहेरगावचे लोक 'ठाण्याला पाठवा' म्हणून हसतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वेड्यांच्या इस्पितळाचं फाटक असतं, हे आपल्याला ठाऊक आहे. आणि आपण तर ठाण्यातच राहतो. त्यातून ह्यांचे साहेब आपल्याच चर्चचे, दर बुधवारी पेटी वाजवायला हजर. सभेत ह्यांचं नाव घेतलं असतं, तर गुरुवारी कचेरीभर झालं असतं.

म्हणून तुम्ही तोड काढलीत. कुणाकुणासाठी प्रार्थना करायची ते सांगायची वेळ आली, तेव्हा पदर सारखा करून म्हणालात, "एका भावासाठी. त्याच्या मनावर फार भार आहे. नाव प्रभूला ठाऊक आहे."

मला ते रुचलं नव्हतं. तुमच्या प्रार्थना मी नेहमीच जरा सावधपणे ऐकायची. सकाळी गुडघे टेकून तुम्ही मोठ्याने म्हणायचात, "प्रभू, या घरातल्या बायकांना सौम्य जीभ दे." घरात बायका किती होत्या हो, सासूबाई? तुम्ही आणि मी. आणि स्वतःच्या जिभेबद्दल तुमची काही तक्रार असल्याचं मी कधी ऐकलं नाही.

तेव्हा या विनंतीबद्दलही मला संशय आला. ही मुलाला वाचवण्यासाठी, की मुलगा असा झाला हे झाकण्यासाठी? देवापुढे अर्धं बोललेलं चालतं का, असं मी तुम्हाला विचारलंही. तुम्ही भाजी निवडता निवडता म्हणालात, "अगं, पूर्ण बोलणं मी घरी करते. तिथे माणसं असतात."

आणि माणसांनी काय केलं? दुसऱ्याच दिवशी सभेतल्या रूथबाई कोलशेतहून आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्याबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांचे यजमान कित्येक दिवस घरात कुणाशी बोलत नव्हते, हे आपल्याला त्याच दिवशी कळलं. तुम्ही परोपरीने नाही म्हणालात, ते त्यांना पटलं नाही. पुढच्या बुधवारी मास्तरांची बायको रूथबाईंकडे रागाने बघत बसली. तिला वाटत होतं, तिच्या नवऱ्याची गोष्ट रूथबाईंनीच फोडली. आणि त्याच्या पुढच्या बुधवारी खुद्द साहेबांनी पेटीचा भाता थांबवून सुनावलं, माझ्याविषयी ज्यांना काही बोलायचं असेल त्यांनी तोंडावर बोलावं. मला हसू आवरेना. तुम्ही मात्र मान खाली घातलीत. ती लाजेने, की तुम्हालाही हसू येत होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ज्याच्याबद्दल होतं तो एकटाच निर्धास्त! घरी आल्यावर ह्यांनी मला विचारलं, "कोण गं तो? फार हाल होत असतील बिचाऱ्याचे. मला कळतं ते."

आणि जेवायच्या आधी त्या अनोळखी भावासाठी प्रार्थना केली. कितीतरी दिवसांत ह्यांनी आपण होऊन प्रार्थना केली नव्हती! मी तोंड उघडणार तोच तुम्ही नजरेने मला गप्प केलंत. मग ते रोजचंच झालं. हळूहळू हात स्थिर झाला, झोप लागू लागली.

मी काय समजावं? प्रभूने ऐकलं, रजेचा गुण आला, की दुसऱ्याचं ओझं उचलताना स्वतःचं विसरायला झालं? आणि हे सगळं तुम्ही ठरवून केलं होतंत का? "बी. ए. झालीस म्हणून देवाचीही उलटतपासणी घेणार?" असं तुम्ही म्हणाला असतात, म्हणून विचारायचं लांबवत राहिले. तेवढ्यात तुमचा ताप छातीत उतरला. जाताना माझा हात धरून म्हणालात, "सांभाळ." काय सांभाळू? माणूस की गुपित?

येत्या सोमवारी हे कामावर रुजू होणार आहेत. परवा मला म्हणाले, "आता आई नाही. त्या भावाचं नाव तुला ठाऊक असेल. सांग ना, सोमवारच्या आधी एकदा त्याला भेटून येतो." खरं सांगावं, तर सोमवारी ह्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडेल का? आणि न सांगावं, तर हे कुणाला शोधत हिंडणार? सभेनंतर सांगते, एवढंच कसंबसं म्हटलं.

काल विनंत्यांची वेळ आली. मी उठणार, तेवढ्यात हेच उभे राहिले.

"एका भावासाठी," तुमचेच शब्द, तुमच्याच सुरात. "तो सोमवारी कामावर जातो आहे. भीती गेलेली नाही, तरी जातो आहे. आणि त्याच्या बायकोसाठी. तिने फार दिवस एकटीने सोसलं."

मी डोळे उघडून पाहिलं. रूथबाई डोळे पुसत होत्या. मास्तरांच्या बायकोने त्यांचा हात धरला होता. साहेब ह्यांच्याकडे बघत होते. सोमवारी कोण रुजू होतंय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ह्यांनी ते जाणूनबुजून सांगितलं. चहा घेताना साहेब एवढंच बोलले, "प्रभाकरराव, सोमवारी जरा लवकर या. रांग लागायच्या आत." हा आपलेपणा की ताकीद? रात्रभर मी त्याचाच कीस काढला.

मंडळी गेल्यावर हे कपबश्या गोळा करत होते. नाव विचारतील म्हणून मी वाट पाहत उभी राहिले. ह्यांनी विचारलं नाही.

केव्हा कळलं ह्यांना? काल? की पहिल्याच बुधवारी? की तुम्हीच कानात सांगितलं होतंत, आणि अंधारात ठेवलंत ते मला?

सासूबाई, एक वचन देते. हे मी त्यांना कधीही विचारणार नाही. खोदून विचारायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे, तेव्हा हे वचन मला किती जड जाईल तेही तुम्ही जाणता. सोमवारी डबा हातात देईन, कोपऱ्यापर्यंत सोबत जाईन आणि तिथून मागे फिरेन.

तुमची सून,
शांता