अर्धं उभं राहण्याचं धोरण

१४ जुलै १७७६, रविवार
अमेरिकेतल्या तेरा वसाहती स्वतंत्र झाल्या, असं पाळकबुवांनी आज प्रार्थनाघरात जाहीर केलं. आता आमच्या कनेक्टिकटला इंग्लंडचा राजा नाही. त्याच्यासाठीची प्रार्थना बंद, फिलाडेल्फियात भरलेल्या वसाहतींच्या सभेसाठीची, म्हणजे काँग्रेससाठीची सुरू. सगळे उभे राहिले. आमच्या घरच्या समोरासमोर बसायच्या चौकोनी बाकात थोरले बंधू जोथमदादा मात्र बसून. राजाचं मीठ खाल्लंय म्हणे. समोर माझा मुलगा असाहेल ताठ उभा, काकांकडे डोळे वटारून. ह्याच काकांनी त्याला पोहायला शिकवलं. मी गुडघ्यात वाकून अर्धा उभा राहिलो. दोघांनाही वाटलं असणार, मी त्यांच्याच बाजूचा. उत्तम सोय. हेच धोरण ठेवायचं.

१५ जुलै, सकाळ
गुडघा धरलाय. बदकाची चरबी चोळली. ही म्हणाली, काय ते एक ठरवा. बायकांना राजकारण कळत नाही.

२१ जुलै, रविवार
पुन्हा अर्धा. पाळकबुवांनी उत्तरेपासून एकेका राज्याचं नाव घेतलं. तेरापैकी आठव्या, डेलावेअरपर्यंत तग धरला. मागून कुणीतरी विचारलं, खाली काही पडलंय का.
असाहेल काँग्रेसच्या फौजेत जायचं म्हणतोय. माझ्या परवानगीशिवाय जाणार नाही. दादाही मला विचारल्याशिवाय काही करत नाहीत. संकल्प: पुढच्या रविवारी जेवायला बोलावून समेट.

२८ जुलै, रविवार
समेटाचं जेवण. खारवलेलं डुकराचं मांस, वाटाणे, मक्याचं पुडिंग. दादांनी राजाच्या नावाने पेला उचलला. असाहेलने आपला सफरचंदाचा सायडर जमिनीवर ओतला. वाद नाही, आरडाओरडा नाही. मग दादा म्हणाले, "एनोस, तू कुणाकडचा ते एकदा बोल. मी ऐकून घेईन."
असाहेल म्हणाला, "बाबा, मीही."
मी म्हणालो, पुडिंग गार होतंय. प्रसंग निभावला.

३ ऑगस्ट, शनिवार
दादांच्या दाराला कुणीतरी डांबर फासलं. असाहेल म्हणतो, तो नव्हता. गावकऱ्यांशी बोलायलाच हवं. गवत कापून झालं की बोलतो.

१२ ऑगस्ट, सोमवार
दादा गेले. पहाटे होडीतून, न्यूयॉर्कला, राजाच्या आरमाराकडे. दुपारी असाहेल गेला. गावच्या तुकडीबरोबर पायी, तोही न्यूयॉर्कलाच. मला दोघांनीही विचारलं नाही. घाईत राहून गेलं असेल.
विचार केल्यावर बरं वाटलं. दोघंही एकाच दिशेला गेले, म्हणजे मुळात मतभेद फारसे नव्हते. हिला तसं सांगितलं. ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, ते एकमेकांवर बंदुका रोखायला गेलेत."
गवत अजून उभंच आहे.

१८ ऑगस्ट, रविवार
बाकात आम्ही दोघंच. आज पूर्ण उभं राहायचं ठरवून आलो होतो. कुणासाठी ते उठता उठता ठरवणार होतो. पाळकबुवांनी काँग्रेससाठी प्रार्थना केली, मग गावातून गेलेल्या पोरांसाठी. दादांसाठी कुणी करत नाही. मी मनातल्या मनात करायला घेतली आणि गुडघा अर्ध्यावर अडकला. वर होईना, खालीही होईना. प्रार्थना संपली. सगळे बसले. मी तसाच, समोरच्या दोन रिकाम्या जागांकडे बघत. शेवटी हिने कोपराला धरून मला खाली बसवलं.