खाटेवरची तपासणी

डॉक्टर, तुम्ही गेलात तेव्हा मी आले नव्हते. बाकीच्या सिस्टर गाडी करून, हार घेऊन आल्या. मी त्या दिवशी घरी कोळंबीचं कालवण केलं आणि पोटभर जेवले. तुमच्याशी गोड बोलायची सवय मला तुमच्या हयातीतही नव्हती, आता कशाला लावून घेऊ?

लिहायला बसले ते एका कमिटीमुळे. आपल्या जुन्या हॉस्पिटलच्या तीन नर्स हल्ली स्कूटरवरून चौल-नागावच्या वाड्यांमधून फिरतात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या बोटाला टोचून साखर बघतात, लघवीत पट्टी बुडवून रंग बघतात. आता प्रश्न निघालाय की याला लॅबची तपासणी धरायचं की नाही. धरलं तर लॅबचे सगळे नियम आले, नोंदणी आली, लॅबच्या डॉक्टरांची सही आली. सेक्रेटरी म्हणतात, एवढं झेपणार नाही, फेऱ्या बंद करू. लॅबमध्ये तुमच्या खुर्चीत बसलेली तरुण डॉक्टरीण म्हणते, धरायलाच हवं. तिसरी मी, निवृत्त मेट्रन. म्हणजे निकाल माझ्यावर, आणि तो मंगळवारी द्यायचाय.

माझं मत तयार होतं, आणि ते तुम्हीच तयार केलंत. बायकांचा वॉर्ड, माझं नोकरीचं दुसरं वर्ष. लघवीतली साखर तेव्हा आम्ही वॉर्डच्या कोपऱ्यात नळीत औषध घालून, उकळून बघायचो. निळं राहिलं तर ठीक, विटकरी झालं तर साखर भरपूर. मी ‘नारिंगी’ असं लिहिलं होतं. तुम्ही नळी उचललीत, खिडकीपाशी नेलीत आणि सगळ्या विद्यार्थिनींसमोर म्हणालात, “कॉन्व्हेंटमध्ये कविता शिकवल्या, रंग नाही शिकवले वाटतं!” त्या पोरी फिदीफिदी हसल्या. नळी मोरीत ओतून तुम्ही वर ऐकवलंत, “ज्याच्यावर औषध ठरतं ती तपासणी. खाटेवर करा नाहीतर लॅबमध्ये. उद्यापासून नमुने खाली पाठवायचे.” खाली! खाली तुमच्या लॅबला एक ते तीन कुलूप. चावी तुमच्या खिशात आणि तुम्ही डबा खाऊन बाकावर आडवे. अशाच एका दुपारी वर एक बाई धापा टाकत पडली होती. मी चोरून नळी उकळली, वॉर्डच्या डॉक्टरांना रंग दाखवला, औषध सुरू झालं. बाई चालत घरी गेली. मला मेमो मिळाला, तुमच्या सहीचा.

तेव्हापासून मी एकच सांगत आले. ताप बघायला लॅब लागत नाही, नाडी बघायला लागत नाही, मग बोटाच्या थेंबाला कशाला? कमिटीच्या पहिल्या बैठकीतही मी हेच ठणकावलं. सेक्रेटरींनी ते खुशीने उतरवून घेतलं.

ते वाक्य मी बोलले तेव्हा मे महिना उलटून गेला होता. मे महिन्यात काय झालं ते मला ठाऊक होतं, तरी मी ते बोलले.

तर मे महिना. शेजारच्या काकू अंगणात बसून थाळ्यांवर आंबापोळी घालतायत, कोपरापर्यंत रसाने माखलेल्या. मला कुंपणापलीकडून हाक मारतात, “अगो सिस्टर, वाईच साखर बघ माझी. दोन दिस बघितलीच न्हाय.” मी यंत्र घेऊन जाते. त्या पदराला हात पुसतात, मी स्पिरिटचा बोळा फिरवते, टोचते. चारशे बारा. त्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं असतं की एवढी वाढली तर इन्शुलिन जास्त द्यायचं. तेवढं मी देते. तासाभराने त्यांची सून धावत येते, “मावशी, आई कशातरीच बोलतायत!” काकू घामाने चिंब, मला ओळखत नाहीत, साखर पार उतरलेली. साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं, अर्ध्या तासाने डोळ्यांत ओळख आली. सून रडत म्हणाली, “मी पेज दिली होती हो.” मी म्हणाले, “दिली असशील. खाल्ली का ते बघितलंस?” सगळे तिच्याकडे बघायला लागले.

संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात मी एक आंबा सोलला. बोटाला बोळा फिरवून टोचलं. तीनशे चाळीस. साबणाने हात धुऊन पुन्हा टोचलं. एकशे सहा. स्पिरिटने जंतू मरतात, आंब्याचा रस जात नाही. हे मी पन्नास मुलींना शिकवलंय, डॉक्टर.

तर ज्याच्यावर औषध ठरतं ती तपासणी, हे तुमचं खरं होतं. ते मान्य करताना माझ्या तोंडाला कडू चव येतेय. तुमचं कुलूप मात्र आजही चूकच. मंगळवारी मी सांगणार आहे की ही तपासणीच आहे. हात साबणाने धुवायचे, यंत्र रोज ताडून बघायचं, आकडा पटला नाही तर पुन्हा टोचायचं, आणि सहीसाठी डॉक्टरणीने स्वतः स्कूटरवर बसून वाड्यांमध्ये जायचं. फेऱ्या बंद करायला मी सही देणार नाही. सेक्रेटरी विचारतील, “मॅडम, आजवर उलटं सांगत होतात, मध्येच काय झालं?” काय झालं ते सांगितल्याशिवाय ते बधणार नाहीत. आणि तिथे सांगायचं तर आधी शेजारी जाऊन सांगायला हवं.

हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून तर एवढं लिहिलं. ती सून हल्ली रोज सासूपुढे बसते, ताट रिकामं होईपर्यंत उठत नाही. काल कुंपणापाशी येऊन मला म्हणाली, “मावशी, आज सगळं जेवल्या हो. मी बघितलं.”

मी म्हणाले, “शाब्बास.”