घरात पाच जण

लाडक्या आईस, तुझ्या कपाळाचा मुका घेते.

मी बरी आहे. गोळ्यांनी झोप येते, पण जेवते. इथला कुसकुस तुझ्या हातचा नाही, एवढंच.

मनाच्या आजारांच्या या वॉर्डातच सकाळी दोन तास शाळा भरते. तू गल्लीत सांगितलंस ना, रबाब ट्यूनिसला शिकायला गेलीये? ते काही अगदीच खोटं नाही.

काल सलवाबाईंनी घरच्यांवर निबंध दिला. मी लिहिलं, 'आम्ही घरात पाच जण आहोत.' मग पाच खोडून चार केले. इतकं खोडलं की कागद फाटला.

बाई शेजारी येऊन बसल्या. "पाचवं कोण गं?"

"वज्दी. माझा भाऊ. इटलीला निघाला होता. होडी बुडाली."

"मग त्याच्यावरच लिही. तास संपला तरी चालेल."

दीड पान लिहिलं, आई. तो तुझ्या चपला लपवायचा, तेही. आठ महिन्यांत त्याचं नाव पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं. खूप रडले.

धाकटी मलाक शाळेत जाते ना? बाबा अजून कुणाशी बोलत नाहीत का? ते येत नसतील तर गुरुवारी तू एकटीच ये. पण आलीस की हवापाण्याचं बोलू नकोस. वज्दीचं बोल. आता मला ऐकवेल.

तुझी वाट पाहणारी,
रबाब